वीरगळ स्कॅन प्रकल्प : कोणती शिळा घ्यायची, कोणती सोडायची

4 जानेवारी 2025, शनिवार

लेझर स्कॅनर फेब्रुवारीअखेरपर्यंत आपल्याकडे आहे, नंतर तो दुसऱ्या विभागाकडे जाणार. म्हणजे पुरंदर भागातल्या गावांमधून जमवलेल्या यादीतलं सगळं काही होणार नाही. निवड करावी लागेल, आणि ती कशाच्या आधारावर करायची हे आधी कागदावर आलं पाहिजे.

यादीत आहेत : वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मारकशिळा (सर्वांत जास्त), काही सतीशिळा, एक गधेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढव आणि बाईच्या चित्राने शाप देणारी शिळा), दोन नंदी, भैरवनाथाचा पितळी मुखवटा, पालखीचा जुना लाकडी दांडा आणि एक दीपमाळ. यादी करताना प्रत्येकाने 'महत्त्वाचं' म्हणून नोंदवलं आहे. पण महत्त्वाचं असणं वेगळं आणि लेझरला योग्य असणं वेगळं. दीपमाळ सुंदर आहे, पण हातात धरायच्या स्कॅनरने एवढी उंच वस्तू घ्यायची म्हणजे परांची बांधा आणि वर चढत जाईल तशी साचत जाणारी चूक सांभाळा. ती आजच यादीतून काढली.

प्रकल्पातल्या मुलांना समजावं म्हणून फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : या वस्तूतली माहिती आकारात आहे की रंगात? आपला स्कॅनर रंग बघतच नाही. तो निळ्या रेषांचं जाळं वस्तूवर टाकतो, बाजूचा कॅमेरा त्या रेषा कुठे वाकल्या ते तिरकं बघतो, आणि त्या वाकण्यावरून प्रत्येक बिंदूचं अंतर काढतो. रेषा आणि कॅमेरा यांच्यातला कोन माहीत असतो, बाकी सगळी त्रिकोणमिती. त्यामुळे जिथे उंचसखलपणात काही दडलेलं आहे, तिथे हे यंत्र माणसाच्या डोळ्यापेक्षा पुढे जातं. रंगवलेल्या भिंतीपुढे, चित्रापुढे, सही-शिक्क्याच्या कागदापुढे त्याचा काही उपयोग नाही.

कुणीतरी सुचवलं की बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ घेऊ, त्यांच्यावर जहाजांची लढाई आहे, लोक आवडीने बघतील. त्यांचं मोल मला ठाऊक आहे. पण ते अभ्यासकांच्या नजरेत आहेत, त्यांचं कोरीव काम खोल आहे, साध्या फोटोतही वाचता येतं. आपले मोजके आठवडे जिथे फोटो हरतो तिथे लागले पाहिजेत.

11 जानेवारी, शनिवार

आज कार्यशाळेत चाचणी. मुद्दाम घरातल्या वस्तू मागवल्या होत्या : भाजलेल्या मातीची कुंडी, पितळी समई, संगमरवरी खलबत्ता, काचेची लोणच्याची बरणी आणि एक जुना पाटा.

कुंडीचा स्कॅन पहिल्या फेरीतच स्वच्छ आला. यात नवल नाही. जगभर त्रिमितीय प्रतिमांवर काम करणारे लोक ज्या सशावर आपले प्रोग्रॅम तपासतात तो स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ससा भाजलेल्या मातीचाच आहे. ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी तो 1994 मध्ये स्कॅन केला, त्याचं मॉडेल 69,451 त्रिकोणांचं. माती लालसर, पृष्ठभाग मंद, प्रकाश सगळीकडे सारखा पसरवणारा, आकार हाताळण्याजोगा, खोल खाचा कमी. तीस वर्षं टिकलेला नमुना योग्य वस्तू निवडल्यामुळे टिकला, हे मुलांना सांगितलं. त्यांना ते यंत्राच्या कौतुकापेक्षा जास्त पटलं.

समईत नुसती भोकं. पितळेवरून रेषा एकाच दिशेने परावर्तित होते, कॅमेऱ्यापर्यंत एक तर काहीच पोचत नाही किंवा डोळे दिपवणारा ठिपका पोचतो. त्यावर पांढरी पावडर फवारून काम भागतं, कारखान्यात तसंच करतात. पण भैरवनाथाच्या मुखवट्यावर आम्ही काहीही फवारणार नाही. मुखवटा यादीतून बाद, त्याचे चांगले फोटो काढू. बरणीचं तर विचारायलाच नको.

खलबत्त्याने चर्चा रंगवली. संगमरवर दिसायला पांढरा, मंद, स्कॅनला उत्तम वाटतो. पण प्रकाश त्याच्या आत थोडा शिरतो आणि आतून पसरून बाहेर येतो, म्हणून रेषेची कड धूसर होते आणि मापात गोंधळ वाढतो. लेव्हॉय यांच्याच चमूने 1998-99 मध्ये फ्लॉरेन्सचा डेव्हिड, म्हणजे मायकेलअँजेलोचा संगमरवरी पुतळा, पाव मिलिमीटरच्या अंतराने स्कॅन केला तेव्हा त्यांनाही संगमरवराच्या या गुणाशी झुंजावं लागलं होतं. सुदैवाने आपल्याकडे सगळा बेसाल्ट आहे.

आणि म्हणून पाटा. पाटा नुकताच टाकी लावून आणलेला, अंगभर बारीक खड्डे. काळा दगड प्रकाश गिळतो, म्हणून एक्सपोजर वाढवावं लागलं. वाढवल्यावर मात्र टाकीचा एकेक घाव वेगळा दिसला. पाथरवटाने हात कुठून कुठे फिरवला, ओळी कुठे वळल्या, एका कोपऱ्यात टाकी जरा बोथट झाल्यावर घाव कसे पसरट पडले, सगळं. खोली जेमतेम एक मिलिमीटर. मुलं बराच वेळ पडद्यावर ते फिरवून बघत राहिली.

मग पाट्यावर पाणी शिंपडलं. ओला भाग लगेच तुटक झाला, बिंदूंची संख्या निम्म्यावर आली. तेलाचं बोट फिरवलं तिथे आणखी वाईट. नियम लिहिला : शिळा कोरडी हवी, आणि तेल वाहिलेली शिळा शेवटी बघू.

19 जानेवारी, रविवार

गावात. शिवमंदिराच्या आवारात आणि त्याच्या मागच्या विहिरीपर्यंत सगळ्या शिळा बघितल्या. सोबत गुरवकाका होते, त्यांना प्रत्येक दगडाची हकिकत तोंडपाठ.

वीरगळांची रचना ओळखीची : खालच्या चौकटीत लढाई, बहुतेक ठिकाणी गायींची रांग, कारण गोधन राखताना मेलेल्यांची ही स्मारकं, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर कलश, सूर्य-चंद्र. नाव बहुधा नसतं. त्यामुळे त्या माणसाबद्दल जे काही कळायचं ते कोरीव कामातूनच : शस्त्र कोणतं, ढाल गोल की लांबट, केस कसे बांधलेत. ही माहिती सगळी आकारात आहे, आणि ती दर पावसाळ्याला थोडी थोडी झिजते आहे. लेझरसाठी याहून चांगलं कारण मला ठाऊक नाही.

पण प्रत्येक शिळा चालेलच असं नाही. काही लगेच सोडल्या.

देवळाच्या दारातले दोन वीरगळ शेंदराने इतके लिंपले आहेत की आकृत्यांच्या जागी नुसते फुगवटे उरलेत. यांचा स्कॅन घेतला तर शेंदराचा घेतला जाईल, दगडाचा नाही. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर 2022 मध्ये उतरवल्यावर खालचं रूप किती वेगळं निघालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. इथे तो थर उतरवणं हे आमचं काम नाही, तो पूजेचा भाग आहे. 'सध्या नाही' अशी नोंद केली.

ओवरीच्या भिंतीत चिणलेला एक आहे, वरचा अर्धाच दिसतो. घेऊ, पण तेवढाच. जमिनीत गाडलेल्या खालच्या चौकटींबाबतही तेच. गुरवकाका म्हणाले, "मॅडम, पोरं लावतो, दोन हात उकरून देतो की." त्यांना समजावलं की उकरायचं नाही. दगडाभोवतीची माती हाही पुरावा असतो, आणि उत्खनन करणारे लोक वेगळे, त्यांची परवानगी वेगळी.

गधेगाळ मंदिराच्या मागे, निवडुंगाशेजारी. वर सूर्य-चंद्र, मध्ये अक्षरांच्या ओळी, खाली शापाचं चित्र. दिलेलं दान जो मोडेल त्याला दिलेली ती शिवी आहे, दगडात कोरलेली. आपल्याकडे या प्रकाराला मोठा इतिहास आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा शके 934 मधला, म्हणजे इ.स. 1012 चा मराठी शिलालेख गधेगाळीवरच आहे. गावात मात्र या दगडाबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, बायका तिकडून जातही नाहीत. अक्षरांवर पांढरं-करडं दगडफूल चढलंय, उन्हात एकही ओळ लागत नाही. ही शिळा माझ्या यादीत सर्वांत वर गेली.

आणि एक अनपेक्षित. विहिरीजवळ एक आडवा पडलेला दगड, त्यावर एक आजी धुणं आपटत होत्या. कडेला कलशाचा आकार दिसला म्हणून थांबलो. वीरगळच आहे, तोंड वर करून पडलेला. पिढ्यानपिढ्यांच्या धुण्याने गुळगुळीत झालाय. हात फिरवला तर काहीतरी लागतं, डोळ्यांना काही दिसत नाही. आजी म्हणाल्या, "माझ्या सासूबाई पण ह्याच दगडावर धुवायच्या बघ." यादीत नव्हता, आज घातला.

26 जानेवारी, रविवार

ग्रामसभेत दहा मिनिटं मागितली होती, अर्धा तास मिळाला. सरपंचताईंनी आधीच विषयपत्रिकेवर घातलं होतं.

महत्त्वाची गोष्ट तिथे कळली. महाशिवरात्र 26 फेब्रुवारीला. त्याआधी आवार झाडून-धुऊन, देवळाला रंग देऊन, शिळांनाही ऑइलपेंट मारायचा बेत आहे. गेल्या वर्षी नंदीला चंदेरी रंग दिलेला सगळ्यांना आवडला होता. श्रद्धेने केलेलं काम आहे ते, त्यावर टीका करायला आम्ही गेलो नव्हतो. मी पाट्याचा स्कॅन लॅपटॉपवर दाखवला. टाकीचे घाव बघून मागे बसलेले एक वयस्कर काका उठून पुढे आले. ते स्वतः पाथरवटाचं काम करायचे. त्यांनी सभेला सांगितलं की रंग बसला की असे घाव बुजतात, मग पुन्हा कितीही खरवडा, मूळ येत नाही. यानंतर मला काही बोलावं लागलं नाही. वीरगळांना रंग नाही असं ठरलं. नंदी रंगणारच, तो गावाचा आहे.

आमच्या बाजूने दोन शब्द दिले : दगडाला काही चिकटवणार नाही, आणि सगळा डेटा ग्रामपंचायतीला आणि शाळेला देणार. तालुक्याच्या बाकी यादीपेक्षा आता या गावाचं काम आधी.

2 फेब्रुवारी, रविवार

दुपारी ताडपत्री बांधली, स्कॅन संध्याकाळी सहानंतर सुरू. थेट उन्हात निळी रेषा धुऊन निघते. ताडपत्रीखालीही दुपारचा उजेड जास्तच होता. अंधार पडल्यावर रेषा काळ्या दगडावर लख्ख उठली.

सर्वांत मोठी अडचण टार्गेटची. या स्कॅनरला आपण कुठे आहोत ते कळायला परावर्तक गोल स्टिकर लागतात. कारखान्यात ते सरळ वस्तूवर डकवतात. आम्ही शब्द दिलाय, आणि तसाही डिंक जुन्या दगडावर लावायचा नसतो, निघताना पापुद्रा घेऊन निघतो. म्हणून मुलांनी प्लायवुडच्या पट्ट्यांची चौकट करून आणली, तिच्यावर स्टिकर लावले आणि ती शिळेभोवती उभी केली. दगडाला न टेकता. चौकट हलली की सगळं गेलं, म्हणून तिच्या पायांवर वाळूच्या पिशव्या.

यातून निवडीचा आणखी एक निकष निघाला जो फळ्यावर लिहिलेला नव्हता : शिळेभोवती चारी बाजूंनी माणूस चौकट घेऊन फिरू शकतो का? एक उत्तम वीरगळ दोन पिंपळमुळांच्या बेचक्यात आहे. नक्षी अप्रतिम. पण चौकट बसत नाही आणि मुळं छाटायचा प्रश्नच नाही. त्याचे फोटो सगळ्या बाजूंनी काढून त्यांवरून मॉडेल करू. फोटोंवरून केलेल्या मॉडेलला बारीक खोली कमी मिळते, पण या वीरगळाचं कोरीव काम खोल आहे, त्याला चालेल.

दुसरं : पातळ शिळा त्रास देतात. पुढची बाजू छान येते, मागची छान येते, दोन्ही जोडायची कड चार बोटं रुंद. तेवढ्या कडेवर पुढचा आणि मागचा भाग नीट जुळत नाही, शिळा किंचित पिळल्यासारखी येते. चौकटीच्या कडेला आणखी स्टिकर वाढवल्यावर जमलं. मागची बाजू घडलेली नसते, ओबडधोबड असते, आणि जुळणीला तीच मदतीला येते.

दगडात मध्ये मध्ये पांढरे स्फटिक आहेत, बेसाल्टच्या पोकळ्यांत भरणारे झिओलाइट. तिथे काटे उठल्यासारखे चुकीचे बिंदू येतात. एका वीराच्या डोक्याशी नेमका असा स्फटिक आहे. मुलांनी तो मुकुट समजून नोंदवायच्या आत दाखवून दिलं. शिळेचा जवळून फोटो स्कॅनसोबत ठेवायचाच, म्हणजे पुढे कुणाची फसगत होणार नाही.

गुरवकाकूंनी रात्री पिठलं-भाकरी आणून दिली.

8 फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर संगणकावर. एका वीरगळाची पुढची बाजू साधारण 90 बाय 45 सेंटिमीटर. बिंदूंमधलं अंतर 0.3 मिलिमीटर ठेवलं तर एका बाजूचेच जवळपास 45 लाख बिंदू होतात. याहून बारीक घ्यायची हौस मुलांना होती. मी नाही म्हटलं. इथली सर्वांत बारीक रेघ दीड-दोन मिलिमीटर रुंद आहे, तिच्यावर पाच-सहा बिंदू पडले की पुरे. बारीक घेतल्याने दगडाची रवाळ खरबरीतच जास्त दिसेल आणि लॅपटॉप मान टाकेल.

खोल कोरलेल्या जागी, वीराच्या काखेत, घोड्याच्या पायांमागे भोकं राहिलीत. खाचेची खोली रुंदीच्या पुढे गेली की तिरका कॅमेरा तळ बघू शकत नाही. सॉफ्टवेअर ती भोकं आपोआप बुजवून देतं, पण आम्ही बुजवत नाही. जिथे मोजलं नाही तिथे रिकामं दिसलं पाहिजे.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट झाली आणि ती मुलांशी बोलले. या यंत्रासाठी सर्वांत चांगली शिळा म्हणजे सर्वांत देखणी शिळा नव्हे. खोल, ठसठशीत, सावल्या टाकणारं कोरीव काम आपल्याला डोळ्यांनी दिसतं, फोटोत दिसतं, आणि नेमकं तिथेच लेझरला भोकं पडतात. उथळ, झिजलेलं, हाताला लागतं पण डोळ्याला दिसत नाही असं काम, तिथे लेझरचं राज्य. यादी पुन्हा लावली. देखण्या शिळा खाली गेल्या, गधेगाळ आणि धुण्याचा दगड वर आले.

15 फेब्रुवारी, शनिवार

आधी धुण्याचा दगड. आजींना सांगून ठेवलं होतं, त्यांनी दोन दिवस आधीपासून धुणं दुसरीकडे नेलं होतं, म्हणून दगड ठणठणीत वाळलेला. साबणाचा पांढुरका थर होता, तो मऊ ब्रशने कोरडाच झाडला. हा थर आमच्या पथ्यावर पडला, त्याने दगडाचा काळेपणा आणि चकाकी दोन्ही कमी झाल्या.

स्कॅन झाल्यावर तिथेच लॅपटॉपवर मॉडेल उघडलं, रंग नसलेलं, सगळं एकसारखं करडं, आणि पडद्यावरचा कृत्रिम दिवा अगदी कडेला, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर आणला. खालच्या चौकटीत गायी उठल्या. पहिली स्पष्ट, शिंगांसकट. तिच्यामागे दुसरीची पाठ. तिसरीचं नुसतं वशिंड. उठाव एक मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याच्या निम्माही नाही. त्यांच्या पुढे एक माणूस, एक हात उंचावलेला, हातात काय आहे ते गेलंय. वरच्या चौकटीतलं लिंग जवळजवळ पुसलंय, पुजाऱ्याची नुसती बाह्यरेषा उरलीय.

आजींना बोलावलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग दगडाकडे, मग दगडावर हात ठेवून ती पहिली गाय बोटांनी शोधली. सापडली त्यांना. "आगं बया, ही तर कायम माझ्या पिळ्याखाली असायची." नंतर बराच वेळ त्या सुनेला बोलावून एकेक गाय दाखवत होत्या.

रात्री गधेगाळ. गावातले दोन-तीन तरुण मुद्दाम थांबले, हा दगड काय आहे ते विचारायला. सांगितलं : दान मोडू नका म्हणून दिलेला तो कायदा आहे, त्या काळच्या भाषेत. चित्र ओंगळ आहे, पण ते दानाचं रक्षण करायला आहे.

दगडफुलाचा प्रश्न होता. तो काढला नाही, काढायला गेलं तर खालचा दगड सुटतो. पापुद्र्यासारखा अंगाला घट्ट बसणारा प्रकार फार जाड नसतो, त्याच्यातून अक्षरांचा खोलगटपणा जाणवतो. पानासारखा उचललेला प्रकार मात्र सगळं झाकतो. वरच्या ओळींवर पहिला, खालच्या दोन ओळींवर दुसरा. त्यामुळे वरच्या ओळी उठल्या, खालच्या उठल्या नाहीत. डोळ्यांना दोन्हीकडे फक्त डाग दिसत होते, कारण दगडफुलाचा रंगच इतका बटबटीत आहे. रंग गेल्यावर अक्षरांच्या उभ्या रेघा आणि काही वेलांट्या नीट लागताहेत. वाचन आम्ही करणार नाही, ते शिलालेखाच्या जाणकारांकडे जाईल. त्यांना मेशसोबत (म्हणजे त्रिकोणांच्या जाळ्याच्या त्रिमितीय मॉडेलसोबत) चार दिशांनी कडेचा प्रकाश दिलेल्या प्रतिमा द्यायच्या, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मेश उघडायची सवय नाही.

22 फेब्रुवारी, शनिवार

शेवटची फेरी. सतीशिळांपैकी दोनच घेतल्या. काटकोनात वाकलेला हात आणि त्यातला चुडा सगळ्यांवर आहे, म्हणून बांगड्यांचं काम जिथे झिजत चाललंय त्याच निवडल्या. पालखीचा दांडा सोडला : त्यावर लाखेची चकाकी आणि रंगवलेली वेलबुट्टी आहे, म्हणजे माहिती रंगात.

आवारात रंगकाम सुरू झालंय. नंदी चंदेरी झाला. वीरगळांना हात लावलेला नाही, पाथरवटकाका सकाळपासून तिथेच खुर्ची टाकून बसलेत.

शेंदराच्या दोन शिळांची नोंद 'सध्या नाही' अशीच ठेवली. गुरवकाका म्हणाले की थर फार वाढला की तो आपणहून सुटून पडतो, त्यांच्या आजोबांच्या काळात एकदा पडला होता. तसं कधी झालं तर नवा शेंदूर लावायच्या आधी फोन करतो म्हणाले. त्यांच्याकडे आमच्यातल्या दोघांचे नंबर लिहून दिले, आणि स्कॅनर तेव्हा मिळाला नाही तर कडेने टॉर्च धरून फोटो कसे काढायचे ते त्यांच्या मुलाला दाखवलं.

डेटा शाळेच्या संगणकावर चढवला, ग्रामपंचायतीला हार्ड डिस्क दिली. विहिरीवरचा दगड उचलून देवळात उभा करावा असा ठराव येतोय. आजी म्हणतात, मला धुवायला दुसरा दगड द्या, मग न्या. सरपंचताईंनी पाथरवटकाकांना नवा दगड घडवायला सांगितलाय.